ट्रॅक्टरवरील लोडरासाठी पोलादी तेलटाकी

ऊस, शेणखत, साखर कारखान्यातील प्रेसमड, तळ्यातील गाळ असा जड माल ट्रॉलीत भरण्यासाठी ट्रॅक्टरच्या पुढील बाजूस लोडर बसविण्याचा प्रघात महाराष्ट्राच्या बागायती भागांत बराच रूढ झाला आहे. तालुक्याच्या गावी असलेल्या वर्कशॉपांतून लोडराचे हात, बादली आणि चौकट ही कुशलतेने तयार होतात. पंप, व्हॉल्व्ह आणि सिलिंडर बाजारातून तयार आणले जातात. ह्या सर्वांमध्ये एक वस्तू अशी आहे की, तिच्याकडे कोणाचेच फारसे लक्ष जात नाही. ती म्हणजे तेलाची टाकी. चार पत्रे जोडले की टाकी झाली, अशी समजूत असल्याने तिचे काम पुष्कळदा सर्वांत नवख्या मुलाकडे सोपविले जाते. पुढे ऐन गळीत हंगामात पंप आवाज करू लागतो, बादली धक्के देत उचलली जाते आणि थोड्याच दिवसांत नवा पंप निकामी होतो. दोष अर्थातच पंपाला दिला जातो. परंतु असा पंप उघडून पाहिला असता त्याच्या आतील अंगावर बारीक चरे आढळतात, आणि ते पाडणारे कण पुष्कळदा टाकी बनवितानाच तिच्यात राहून गेलेले असतात.

बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सर्व दिशांना सारखाच पोहोचतो, हा नियम फ्रान्समधील पास्कल ह्याने सतराव्या शतकात सांगितला, आणि इंग्लंडातील जोसेफ ब्रामा ह्याने १७९५ मध्ये त्यावर आधारलेल्या दाबयंत्राचे पेटंट घेतले. लोडराची रचना ह्याच नियमावर चालते. पंप टाकीतून तेल ओढून दाबाखाली सिलिंडरात ढकलतो, सिलिंडराचा दांडा बाहेर येतो व बादली उचलली जाते. काम झालेले तेल परत टाकीत येते. पुष्कळ ट्रॅक्टरांत मागील उचल-यंत्रणेसाठी गिअरपेटीतीलच तेल वापरलेले असते. त्याच तेलावर लोडरही चालविला तर गिअरांच्या वाट्याचे तेल कमी पडते, आणि लोडराच्या नळ्यांतील घाण गिअरपेटीत शिरते. म्हणून लोडरासाठी पंप आणि टाकी स्वतंत्र असणे इष्ट होय.

टाकीकडून कोणती कामे अपेक्षित आहेत

तेल साठविणे हे टाकीचे एक काम झाले. ह्याखेरीज परत आलेले तप्त तेल थंड होऊ देणे, त्यात मिसळलेली हवा बुडबुड्यांच्या रूपाने वर निघून जाऊ देणे, आणि पाणी व घाण तळाशी बसू देणे ही कामेही तिलाच करावी लागतात. ह्या तिन्ही गोष्टींना वेळ लागतो. म्हणून परतीच्या नळीतून आलेले तेल लगेच पंपाकडे न जाता टाकीत काही काळ रेंगाळले पाहिजे. टाकीची सारी रचना ह्या एका गोष्टीवरून ठरते.

उष्णतेचा प्रश्न आपल्याकडे विशेष महत्त्वाचा आहे. विदर्भात मे महिन्यात हवेचेच तापमान ४५ अंश सेल्सिअसच्या आसपास जाते, आणि तेल तर ६० ते ६५ अंशांच्या आत राहावयास हवे. त्यापुढे ते पातळ होऊन पंपाच्या फटींतून निसटू लागते आणि लवकर खराब होते. एक साधा हिशेब पाहावा. मिनिटाला ३० लिटर तेल देणारा पंप दर चौरस सेंटीमीटरला १२० किलोग्रॅम दाबावर चालत असेल, तर तो सुमारे ६ किलोवॉट, म्हणजे ८ अश्वशक्ती, तेलाला देत असतो. बादली पूर्ण उचलल्यावरही चालकाने दांडी ओढूनच धरली, तर सगळे तेल सुरक्षा-व्हॉल्व्हमधून परत फिरते आणि ह्या शक्तीची निव्वळ उष्णता होते. टाकीत ६० लिटर तेल असल्यास ते अशा रीतीने दहा मिनिटांत सुमारे ३५ अंशांनी तापेल. येथे सांगितलेल्या मापाच्या टाकीच्या भिंती, तेल हवेपेक्षा ३० अंशांनी अधिक तप्त असताना, जेमतेम एक-तृतीयांश किलोवॉट उष्णता बाहेर टाकू शकतात. सारांश, चालकाची सवय वाईट असेल तर कोणतीही टाकी पुरी पडणार नाही. हे चालकाला आधीच समजावून सांगावे.

माप कसे ठरवावे

पंप एका फेऱ्यात २० घन सेंटीमीटर तेल देत असेल आणि मिनिटाला १,५०० फेरे करीत असेल, तर तो मिनिटाला ३० लिटर तेल देतो. एका जागी बसविलेल्या यंत्रांसाठी ह्याच्या दुप्पट ते तिप्पट तेल टाकीत असावे असा सर्वसाधारण नियम आहे. फिरत्या यंत्रावर जागा व वजन ह्यांची अडचण असल्याने कमी तेलावरही भागविले जाते. परंतु आपल्या हवामानात शक्यतो दुपटीच्या खाली जाऊ नये. म्हणजे येथे ६० लिटर तेल हवे.

टाकी ६० सेंटीमीटर लांब, ३६ सेंटीमीटर रुंद आणि ३३ सेंटीमीटर उंच घेतल्यास तिच्यात एकंदर ७१ लिटर मावतात. २८ सेंटीमीटर उंचीपर्यंत तेल भरल्यास ते ६० लिटर होते आणि वर ५ सेंटीमीटर जागा हवेसाठी मोकळी राहते. तेल तापून फुगते, त्याला फेस येतो, ट्रॅक्टर बांधावरून जाताना ते हिंदकळते. म्हणून ही जागा सोडलीच पाहिजे. टाकी काठोकाठ भरणे म्हणजे तेलाची बचत नव्हे.

सिलिंडरांत जाणाऱ्या तेलाचाही विचार करावा. लोडराच्या दुहेरी सिलिंडरांत एका बाजूने तेल जाते तेव्हा दुसऱ्या बाजूचे परत येते, त्यामुळे टाकीतील पातळी फारशी हलत नाही. ट्रॉली उलटविणाऱ्या एकेरी सिलिंडराची गोष्ट निराळी. १० सेंटीमीटर व्यासाचा आणि १ मीटर धावेचा असा सिलिंडर पूर्ण उघडला म्हणजे जवळजवळ ८ लिटर तेल टाकीबाहेर जाते आणि वरील टाकीतील पातळी साडेतीन सेंटीमीटरांहून अधिक उतरते. तरीही शोषणनळीचे तोंड तेलात निदान ८ ते १० सेंटीमीटर बुडालेले राहिले पाहिजे; नाहीतर तेलात भोवरा पडून पंप हवा ओढू लागेल.

पत्रा

टाकीसाठी ३ मिलिमीटर जाडीचा नवा, साधा पोलादी पत्रा घ्यावा. वरील मापाच्या टाकीस सुमारे २५ किलोग्रॅम पत्रा लागतो. झाकणासाठी ५ मिलिमीटर जाडीचा पत्रा घेतल्यास उत्तम, कारण त्यावर गाळणी बसवावयाची असते.

बाजारात काळा पत्रा आणि पांढरट, गुळगुळीत पत्रा असे दोन प्रकार मिळतात. काळा पत्रा तप्त अवस्थेत लाटलेला असतो आणि त्याच्या पृष्ठभागावर लोखंडाच्या भस्माची पातळ, कडक खपली असते. ही खपली पोलादाला घट्ट चिकटलेली दिसली तरी कंपनाने आणि उष्णतेने पुढे सुटत राहते. तारेच्या ब्रशाने फक्त सैल भाग निघतो. काळाच पत्रा घ्यावयाचा झाल्यास वाळूच्या माऱ्याने किंवा आम्लाच्या धुण्याने तो आधी स्वच्छ करून घ्यावा, आणि आम्लाने धुतल्यास ते पूर्णपणे निघून जाईपर्यंत पाण्याने धुऊन ताबडतोब वाळवावा. थंड लाटलेल्या पत्र्यावर ही खपली नसते. त्याला थोडे अधिक पैसे पडतात, परंतु ते खर्चणेच हिताचे ठरते.

जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा मात्र मुळीच वापरू नये. गंज चढणार नाही म्हणून शेतकरी बंधू मुद्दाम असा पत्रा मागतात. परंतु हायड्रॉलिक तेलात मिसळलेल्या काही रसायनांशी जस्ताची क्रिया होऊन चिकट गाळ तयार होऊ शकतो. शिवाय असा पत्रा वेल्डिंग करताना जस्ताचा पांढरा धूर निघतो व तो छातीत गेल्यास कारागिराला काही तासांनी थंडीताप भरतो.

जुने बॅरल कापून टाकी करू नये

ही सूचना गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी प्रत्येक वर्कशॉपात तोंडी सांगण्यासारखी आहे. डिझेलचे, पेट्रोलचे किंवा वंगणाचे रिकामे बॅरल स्वस्तात मिळते, म्हणून ते कापून किंवा त्यावर नळ्यांचे सॉकेट जोडून टाकी करण्याचा मोह होतो. रिकामे बॅरल भरलेल्या बॅरलापेक्षा अधिक धोक्याचे असते. त्याच्या सांध्यांत आणि गंजात मुरलेले थोडेसे तेल गॅसकटरच्या किंवा वेल्डिंगच्या आचेने वाफ होऊन हवेत मिसळते, आणि ते मिश्रण पेटताच बॅरलाचे तोंड उडून समोर बसलेल्या माणसावर येते. एरवी सहज न पेटणारे घट्ट वंगणदेखील आचेने अशीच वाफ देते. वास येत नाही म्हणून बॅरल सुरक्षित आहे असे मानू नये. पाण्याने एकदा खळबळून काढल्यानेही ते सुरक्षित होत नाही.

वापरात असलेली टाकी गळू लागली तर तिच्या दुरुस्तीलाही हेच लागू आहे. टाकी ट्रॅक्टरवरून उतरवावी, तेल काढून टाकावे, सर्व तोंडे आणि झाकण उघडावे, धुण्याचा सोडा घातलेल्या कढत पाण्याने ती पुनःपुन्हा धुवावी. नंतर दुरुस्तीची जागा वर येईल अशी टाकी ठेवून त्या जागेच्या अगदी खालपर्यंत पाणी भरावे, म्हणजे वाफेला जागाच फारशी उरत नाही. एवढे करूनही हे काम अनुभवी वेल्डरनेच करावे. टाकी ट्रॅक्टरवर असतानाच, थोडे तेल काढून, बाहेरून एखादा टाका मारून घेण्याची घाई कोणीही करू नये.

कापणी, दुमड आणि आडभिंत

तळ आणि दोन लांब बाजू हे तीन निरनिराळे तुकडे न कापता १०२ सेंटीमीटर रुंद व ६० सेंटीमीटर लांब असा एकच तुकडा घेऊन तो प्रेसवर दोन ठिकाणी काटकोनात दुमडावा. ३३, ३६ आणि पुन्हा ३३ सेंटीमीटर अशा तीन बाजूंची पन्हळीसारखी कुंडी तयार होईल. तिच्या दोन टोकांना ३६ बाय ३३ सेंटीमीटरचे दोन पत्रे जोडले की टाकी उभी राहते. पाचही तुकडे वेगळे कापून जोडल्यास सव्वातीन मीटर वेल्डिंग करावे लागते. दुमडीने ते दोन मीटरांवर येते. जेवढा जोड कमी तेवढी गळतीची जागा कमी. दुमडीचा कोपरा किंचित गोल येतो, म्हणून टोकाच्या पत्र्यांचे खालचे कोपरे त्या गोलाईप्रमाणे कानशीने घासून बसवावेत. तेथे फट ठेवून ती वेल्डिंगने बुजविण्याची सवय बरी नव्हे.

आता आडभिंत. शोषणाची आणि परतीची अशी दोन्ही तोंडे टाकीच्या एकाच टोकाला ठेवावीत, आणि त्या दोहोंच्या मध्ये टाकीच्या लांबीच्या दिशेने एक पत्रा उभा करावा. त्याची लांबी ४८ सेंटीमीटर असावी, म्हणजे पलीकडील टोकाशी १२ सेंटीमीटरांची वाट राहते. उंची ३० सेंटीमीटर, म्हणजे तेलाच्या पातळीच्या किंचित वर. परत आलेले तेल मग एका बाजूने टाकीच्या पलीकडील टोकापर्यंत जाते, वळसा घेते आणि दुसऱ्या बाजूने पंपाकडे येते. ह्या फेरीत ते भिंतींना लागून थंड होते आणि त्यातील हवा निघून जाते. ट्रॅक्टर हिंदकळला तरी सगळे तेल एका अंगाला जात नाही, हा आणखी एक फायदा. आडभिंतीचे तळाशी होणारे वेल्डिंग टोकाचे पत्रे बसविण्यापूर्वीच उरकून घ्यावे. नंतर १८ सेंटीमीटरांच्या अरुंद कप्प्यात हात आणि रॉड नीट पोहोचत नाहीत, आणि जेथे हात पोहोचत नाही तेथे घाणही राहून जाते.

टाकी बसविताना पलीकडील टोक एक सेंटीमीटर खाली ठेवावे व तळाचे बूच त्या टोकाला असावे. पाणी व गाळ तिकडे उतरतात आणि शोषणनळीचे तोंड त्यांच्यापासून दूर राहते.

वेल्डिंग

प्रथम दर ६ ते ७ सेंटीमीटरांवर बारीक टाके मारून, गुण्याने आणि कर्ण मोजून चौकट तपासावी. ३ मिलिमीटरच्या पत्र्यासाठी अडीच मिलिमीटरचा रॉड आणि ७० ते ९० अँपिअर प्रवाह पुरतो. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सलग वेल्डिंग केल्यास पत्रा आकसून वाकडा होतो. म्हणून थोडे इकडे, थोडे तिकडे असे तुकड्यातुकड्यांनी काम करावे. आतील कोपऱ्यांचे वेल्डिंग सलग आणि पूर्ण असावे. केवळ बाहेरून सांधलेल्या टाकीत आतल्या बाजूने बारीक चीर शिल्लक राहते, आणि तेथे अडकलेली खपली कितीही धुतली तरी निघत नाही. ती निघते लोडर काम करू लागल्यावर.

ग्रामीण भागात एक अडचण नेहमीची आहे. शेतीपंप चालू असण्याच्या वेळी वीजदाब उतरतो, ज्योत स्थिर राहत नाही आणि जोड सच्छिद्र होतो. टाकीचे काम अशा वेळी न करता दाब ठीक असेल तेव्हा करावे. पावसाळ्यात दमट झालेले रॉड वाळवूनच वापरावेत.

नळ्यांसाठी लागणारे सॉकेट आतून आणि बाहेरून, दोन्ही बाजूंनी सांधावेत. सांधताना त्यांत एक जुने बूच फिरवून ठेवले म्हणजे आट्यांवर ठिणग्यांचे गोळे बसत नाहीत. शोषणनळीचा आतील व्यास २५ मिलिमीटरपेक्षा कमी नसावा. ३० लिटर तेल त्यातून सेकंदाला सुमारे १ मीटर वेगाने जाते, आणि पंपाला ओढण्यासाठी ह्याहून अधिक वेग योग्य नाही. ३२ मिलिमीटरची नळी घेतल्यास वेग ०.६ मीटरवर येतो, ते अधिक चांगले. परतीच्या नळीला २० मिलिमीटर पुरतात. शोषणाचे सॉकेट टोकाच्या पत्र्यात तळापासून ६ सेंटीमीटर वर ठेवावे व पंप शक्यतो टाकीच्या पातळीखाली असावा, म्हणजे तेल आपोआप पंपात उतरते. मध्ये तोटी बसविल्यास तिची दांडी उघड्या स्थितीत तारेने बांधून टाकावी. तोटी बंद राहून पंप फिरला, तर तो बिघडण्यास फार वेळ लागत नाही.

परतीची नळी झाकणातून खाली येऊन तेलाच्या पातळीखाली, तळापासून सुमारे ५ सेंटीमीटरांवर संपली पाहिजे. तिचे टोक तिरपे कापून भिंतीकडे वळवावे. ही नळी पातळीच्या वरच तोडून ठेवली, तर तेल धबधब्यासारखे पडते आणि सगळ्या टाकीत फेस होतो. हवा मिसळलेले तेल दाबले जाते, म्हणून बादली स्पंजावर ठेवल्यासारखी हलते.

झाकण वेल्डिंगने बंद करू नये. टाकीच्या तोंडाला बाहेरच्या अंगाने पट्टीची चौकट सांधावी, आणि तेलाला टिकणाऱ्या नायट्राइल रबराचे पॅकिंग घालून झाकण ८ मिलिमीटरच्या बोल्टांनी दर १० सेंटीमीटरांवर आवळावे. टाकी पुन्हा उघडून धुता येणे ही चैन नसून गरज आहे. झाकणावर गाळणीयुक्त हवेचे बूच हवेच. सिलिंडर भरतो तेव्हा टाकी हवा आत घेते, रिकामा होतो तेव्हा बाहेर टाकते. उसाच्या फडात किंवा मळणीच्या खळ्यावर ती हवा धुळीने भरलेली असते. साध्या छिद्राने ती धूळ थेट तेलात जाते. छिद्रच नसले तर टाकीत पोकळी निर्माण होऊन पंपाची उपासमार होते.

गळतीची परीक्षा

वर्कशॉपात कॉम्प्रेसर असतो, म्हणून टाकीत हवा भरून गळती पाहण्याची पद्धत पडली आहे. ती बंद करावी. झाकणाचे क्षेत्रफळ २,१६० चौरस सेंटीमीटर आहे. त्यावर दर चौरस सेंटीमीटरला केवळ १ किलोग्रॅम दाब आला, तरी झाकणाला आतून दोन टनांहून अधिक रेटा बसतो. चपट्या पत्र्याची पेटी एवढा भार सहन करण्यासाठी केलेली नसते, आणि फुटते तेव्हा ती कारागिराच्या तोंडासमोर असते.

त्याऐवजी चुन्याची परीक्षा करावी. झाकण लावण्यापूर्वी बाहेरच्या सर्व जोडांवर चुन्याच्या पाण्याचा पातळ हात देऊन तो वाळू द्यावा. मग आतून त्याच जोडांवर ब्रशाने रॉकेल किंवा डिझेल लावावे. जोडात केसाएवढेही छिद्र असेल, तर तेल त्यातून झिरपून पांढऱ्या चुन्यावर काळसर डाग उमटतो. अर्धा तास वाट पाहावी. डाग पडलेली जागा पुन्हा सांधण्यापूर्वी टाकी सोड्याच्या कढत पाण्याने धुऊन पूर्ण वाळविली पाहिजे. रॉकेल लावलेल्या टाकीवर थेट रॉड टेकवू नये.

स्वच्छता

मनुष्याचा केस सुमारे ७० मायक्रॉन जाड असतो, आणि ४० मायक्रॉनांहून लहान कण नुसत्या डोळ्यांना सहसा दिसत नाही. दाबाखाली चालणाऱ्या पंपात हलणाऱ्या भागांमधील फटी मात्र अवघ्या काही मायक्रॉनांच्या असतात. तेव्हा दिसावयास स्वच्छ असलेली टाकी पंपाच्या दृष्टीने स्वच्छ असतेच असे नाही. वेल्डिंगवर साचलेली काचेसारखी खपली हातोडीने ठोकून काढावी, उडालेले गोळे छिन्नीने उडवावेत, जोड तारेच्या ब्रशाने चकाकेपर्यंत घासावेत. ग्राइंडरची धूळ आत उरली तर ती वाळूपेक्षाही वाईट, कारण ती धार लावण्याच्याच दगडाची असते. नंतर टाकी सोड्याच्या कढत पाण्याने धुवावी, वाळवावी आणि लगेच आतून हायड्रॉलिक तेलाचा हात द्यावा. धुतलेले कोरे पोलाद पावसाळी हवेत एका रात्रीत गंजते.

पुसण्यासाठी वर्कशॉपातील सुताचे बोळे वापरू नयेत. त्यांचे धागे सुटून पंपाच्या चाळणीवर जाऊन बसतात. धागे न सुटणारे, धुतलेले पांढरे फडके घ्यावे. परीक्षाही त्यानेच होते: फडके आतून सर्व कोपऱ्यांतून फिरवावे, आणि काळी किंवा तांबडी रेघ उमटली तर धुण्याचे काम पुन्हा करावे. एक लोहचुंबक कागदात गुंडाळून तळावरून फिरविल्यास लोखंडी कण कागदाला चिकटून बाहेर येतात. टाकी ताब्यात घेताना शेतकऱ्याने ह्या दोन परीक्षा स्वतः उभे राहून करून घ्याव्यात. त्यांत कारागिराचा अपमान नाही, आणि चांगला कारागीर तसे मानीतही नाही.

आतून रंग देऊ नये. साधा रंग तप्त तेलात सुटतो आणि त्याचे पापुद्रे शोषणनळीच्या तोंडाशी जमतात. बाहेरून रंग खुशाल द्यावा.

ट्रॅक्टरवर बसविणे

टाकी नुसत्या पत्र्याच्या अंगाला पट्ट्या सांधून टांगू नये. ट्रॅक्टरच्या कंपनाने तेथे पत्रा तडकतो. आधी ५ मिलिमीटर जाडीचे तळहाताएवढे तुकडे टाकीवर सांधावेत, त्यांवर पाय जोडावेत आणि पायांखाली रबर द्यावे. तळाखालून वारा खेळेल एवढी जागा राहावी व टाकी धुराड्यापासून दूर असावी. ट्रॅक्टरवरच काही वेल्डिंग करावे लागले तर बॅटरीच्या तारा सोडून ठेवाव्यात, आणि वेल्डिंगची अर्थिंगची पकड जोडाच्या अगदी जवळ लावावी. ती दूर कोठेतरी लावल्यास प्रवाह सिलिंडराच्या चकचकीत दांड्यातून वाट काढतो, दांड्यावर बारीक खड्डे पडतात आणि सिलिंडराचे पॅकिंग कापले जाते.

नळ्या जोडताना आट्यांवर पांढरी टेफ्लॉन फीत गुंडाळावयाची असल्यास टोकाचे दोन आटे मोकळे सोडावेत. तेथील फितीचे तुकडे तुटून तेलात जातात. ताग किंवा सुतळी वापरूच नये. परतीच्या वाटेवर १० ते २५ मायक्रॉनांची गाळणी आणि शोषणाच्या तोंडाशी जाड जाळीची चाळणी बसवावी.

तेल भरणे

आपल्या हवामानास सर्वसाधारणपणे ६८ क्रमांकाचे हायड्रॉलिक तेल चालते. तथापि पंपाच्या पुस्तिकेत निराळे सांगितले असल्यास तेच घ्यावे. नव्या बॅरलातील तेल स्वच्छच असते असे समजू नये. बॅरल वर्कशॉपाच्या अंगणात आडवे लोळविलेले असते, त्याच्या बुचाभोवती पाणी व माती साचलेली असते. बूच उघडण्यापूर्वी ती जागा पुसावी आणि तेल बारीक जाळीच्या नरसाळ्यातूनच भरावे. धोतराच्या फडक्यातून गाळल्याने धागे जातात.

पहिल्यांदा चालविताना एंजिन हळू ठेवावे आणि बादली रिकामी असताना सर्व सिलिंडर पाच-सात वेळा पूर्ण उघडझाप करावेत. नळ्यांतील हवा निघून टाकीत येते व पातळी उतरते. ती पुन्हा भरून काढावी. ह्या वेळी एखाद्या नळीतून तेल फवारताना दिसले तर तेथे बोट लावून पाहू नये. दाबाखालील बारीक फवारा कातडीतून आत शिरतो, आणि जखम टाचणीएवढी दिसली तरी हात गमावण्याची वेळ येऊ शकते. असे झाल्यास रोग्याला विनाविलंब शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात न्यावे. गळती पुठ्ठ्याचा तुकडा पुढे धरून शोधावी.

परतीच्या गाळणीचा पहिला गाभा ५० तासांच्या कामानंतर बदलावा, कारण टाकीत आणि नळ्यांत शिल्लक राहिलेली घाण ह्याच काळात बाहेर येते. पुढे पंप-गाळणीच्या पुस्तिकेप्रमाणे चालावे. आठवड्यातून एकदा, सकाळी एंजिन सुरू करण्यापूर्वी, तळाचे बूच सैल करून वाटीभर तेल काचेच्या बाटलीत घ्यावे. खाली पाणी साठलेले दिसल्यास स्वच्छ तेल येईपर्यंत ते जाऊ द्यावे. सगळेच तेल दुधी झाले असेल तर पाणी त्यात मिसळून गेले आहे, आणि ते तेल बदलण्यावाचून उपाय नाही. तेलाची पातळी नेहमी बादली जमिनीवर टेकलेली, एंजिन बंद आणि ट्रॅक्टर सपाट जागी उभा असतानाच पाहावी. बादली वर टांगलेली असताना टाकीचे किंवा नळीचे कोणतेही काम करू नये. आधी ती खाली घ्यावी.